लिबर्टीवर तीन डाइव्ह आणि पहाटेचा बातूर: एका पुणेकर फॅमिलीची केस

डाइव्हिंगनंतर झालेल्या त्रासाचं हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांनी लिहायला परवानगी दिलीये, अट एकच, नावं नकोत. तर नावं नाहीत. माणसं तीन: कोथरूडची एक ताई, तिचा नवरा आणि ताईचा धाकटा भाऊ. भाऊ त्यांना दाजी म्हणतो, मग पूलवर सगळेच दाजी म्हणायला लागले, त्यामुळे इथेही दाजीच. मी पुण्यात स्कूबाचं पूल ट्रेनिंग घेतो, समुद्राचा भाग मालवणला किंवा बाहेर होतो. दाजी आणि त्यांचा मेहुणा दोघंही आधी ओपन वॉटर, मग अ‍ॅडव्हान्स्ड असं रीतसर करून सर्टिफाइड झालेले, म्हणजे 30 मीटरपर्यंत जायला पात्र. हे आधीच सांगून टाकतो कारण ही गोष्ट ऐकली की लोकांचा पहिला प्रश्न असतो की नियम कुठला मोडला, आणि पाण्याखाली तरी एकही मोडलेला नव्हता.

दाजी 47 वर्षांचे, आयटीत, बीपीची एक गोळी चालू. डाइव्हच्या आधी जो मेडिकल फॉर्म भरतात त्यात पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी वेगळे प्रश्न असतात, सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी वगैरे, आणि तिथे एक जरी हो आलं की डॉक्टरची सही लागते. ती त्यांनी आणली होती, बरेच जण तिथे सरळ नाही लिहून मोकळे होतात, यांनी तसं केलं नाही. फिटनेसचं म्हणाल तर रविवारी पहाटे सिंहगड ठरलेला, पावसाळ्यात राजगड तोरणा, वर्षातून एकदा कळसूबाई. या ट्रेकिंगच्या सवयीचा पुढे फार संबंध आहे.

15 ऑगस्टला जोडून सुट्टी मिळाली होती आणि पावसाळ्यात मालवणचं डाइव्हिंग बंद असतं, त्यामुळे बाली ठरलं. बालीतही तुलांबेन, आणि तुलांबेन म्हणजे लिबर्टी.

या जहाजाबद्दल थोडं सांगतो कारण ते खरंच वेगळं आहे. युएसएटी लिबर्टी, 1918 साली अमेरिकेत बांधलेलं मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या त्या हजारो लिबर्टी शिप्सपैकी हे नव्हे, नाव सारखं आहे इतकंच, तिथले काही गाइडसुद्धा गल्लत करतात. जानेवारी 1942 मध्ये लोंबोक सामुद्रधुनीच्या जवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला, दोन विनाशिकांनी ओढत सिंगराजा बंदराकडे न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी इतकं भरत होतं की शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवावं लागलं. तिथे ते वीस वर्षं वाळूवर पडून होतं. मग 1963 ला आगुंग ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, हजारावर माणसं गेली त्यात, आणि त्या हादऱ्यांमध्ये जहाज किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर उतारावर कलंडून पडलंय, वरचा भाग साधारण 5 मीटरवर आणि सगळ्यात खोल कडा 30 मीटरच्या आसपास. लांबी सव्वाशे मीटर.

म्हणजे जगातल्या बऱ्याच नामवंत रेक्सना, म्हणजे बुडालेल्या जहाजांना, बोटीने तासन्‌तास जावं लागतं, लाल समुद्रातलं थिसलगॉर्म घ्या, आपल्या जवळचं श्रीलंकेतलं हर्मीस तर 50 मीटरच्या खाली आहे, आपल्यासारख्यांचं कामच नाही, आणि इथे मात्र किट चढवायचं आणि गोट्यांवरून तोल सांभाळत चालत पाण्यात शिरायचं. वाळू काळी, ज्वालामुखीची. सिलिंडरही तुम्ही उचलायचा नाही, तिथल्या गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन किनाऱ्यापर्यंत आणून देतात, चप्पल घालून, त्याच गोट्यांवरून, कधी एका वेळी दोन दोन. आपल्याकडे हंडा कळशी नेतात त्या चालीत. ही सिलिंडरची गोष्ट पुढे लागणार आहे.

आमच्या तयारीचा सगळा भर अर्थातच जहाजावर होता. रेक म्हटलं की सगळ्यांना एकच चित्र दिसतं, आत शिरलो, गाळ उठला, काही दिसेना, बाहेरचा रस्ता सापडेना. भीती बरोबरच आहे. बंद जागेत फिनच्या एका चुकीच्या लाथेने गाळ उठतो आणि टॉर्च मारला तर उलट पांढरी भिंत दिसते. म्हणून पूलमध्ये मास्कला आतून फॉइल लावून, डोळ्यापुढे पूर्ण अंधार करून दोरीच्या आधाराने बाहेर यायचं, फिन खाली न मारता बेडकासारखी किक घ्यायची, दोरीची रील कशी सोडायची आणि गुंडाळायची, जाळ्यात अडकलं तर कटर कुठल्या हाताने काढायचा, हे सगळं दोघांनी पुन्हा पुन्हा केलं. आत शिरायचं तर बाहेरचा उजेड दिसत राहिला पाहिजे, आणि पृष्ठभागापासूनचं खोली अधिक आतलं अंतर मिळून 40 मीटरच्या पुढे जायचं नाही, हा हौशी डाइव्हरचा नियम पाठ करून घेतला. लिबर्टीला यातलं फारसं काही लागत नाही खरं तर. जहाज इतकं मोडलंय आणि पसरलंय की बहुतेक ठिकाणी वरून उजेड येतोच, आत शिरणं म्हणजे एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने निघणं. पण सराव वाया जात नाही.

ट्रिपचं शीट पुण्यातल्या एका एजंटने बनवलं होतं. माणूस चांगला आहे, आणि त्याला डाइव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं हे माहीत होतं, त्याने शेवटची डाइव्ह आणि परतीचं फ्लाइट यात दोन अख्खे दिवस ठेवले होते. ते बघून मीही खूश, दाजी खूश, ताई तर म्हणालीच की बघा किती विचार करून केलंय. त्या दोन दिवसांत काय करायचं तो रकाना डाइव्हिंगच्या चर्चेत कोणी उघडलाच नाही, कारण तो साइटसीइंगचा होता, ताईच्या खात्यातला. त्यात तुलांबेनच्या शेवटच्या दिवसाच्या खाली लिहिलेलं होतं: रात्री दीड वाजता पिकअप, माउंट बातूर सनराइज ट्रेक, नाश्ता वर.

बातूर, बालीतला ज्वालामुखी, 1717 मीटर. कळसूबाई 1646. म्हणजे कळसूबाईपेक्षा जरा उंच, आणि वाफेवर उकडलेली अंडी मिळतात वर. दर रविवारी सिंहगड करणाऱ्या माणसाला यात धोका कुठून दिसणार, उलट बायको म्हणाली असती की एवढ्या रात्री नको जायला तर त्यालाच हसू आलं असतं.

त्या दिवशीचं पाणी

आदल्या दिवशी दोन डाइव्ह झाल्या होत्या, एक बाजूच्या कोरल गार्डनला आणि एक लिबर्टीच्या उथळ भागात. दुसऱ्या दिवशी तीन. पहिली उजाडता उजाडता, कारण त्या वेळी बंपहेड पॅरटफिश रेकवर असतात, माणसाच्या धडाएवढा मासा, कपाळावर टेंगूळ, आणि कोरल चावतानाचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. त्या डाइव्हला कमाल खोली 24 मीटर, 48 मिनिटं. दुसरी साडेदहाला, 28 मीटरपर्यंत, 44 मिनिटं, जहाजाच्या मागच्या बाजूची तोफ बघायला. तिसरी दुपारी पावणेतीनला, 21 मीटर, 52 मिनिटं, आणि बाहेर आले तेव्हा पावणेचार झाले नव्हते अजून. सगळ्या साध्या हवेवर, नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा नाही.

आकडे मी त्यांच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवरून घेतलेत. आता कोणी म्हणेल 28 मीटरला 44 मिनिटं कशी काय, टेबलाप्रमाणे 30 मीटरला 20 मिनिटंच मिळतात. बरोबर, पण टेबल असं धरून चालतं की तुम्ही सगळा वेळ त्याच खोलीवर होता. उतारावरच्या रेकवर तुम्ही तळाला काही मिनिटं घालवता आणि हळूहळू वर सरकत येता, कॉम्प्युटर त्या त्या खोलीचा हिशोब ठेवतो, म्हणून वेळ जास्त मिळतो. तिन्ही डाइव्हला डीकोची, म्हणजे वर येताना सक्तीने थांबे घ्यायची, वेळ आली नाही, तिन्हीला 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप झाला, वर येण्याचा वेग सावकाश. मी तो ग्राफ घरी मोठा करून बघितला, त्यात बोट ठेवायला जागा नाही.

मात्र किनाऱ्यावरून डाइव्ह करायची सोय हीच एक गंमत आहे. बोट असली की कप्तान घड्याळ बघतो, दोन डाइव्ह झाल्या की परत. इथे जेवलात, जरा पाठ टेकलीत, समोर समुद्र, सिलिंडर भरलेले, गाइड विचारतो अजून एक? पाण्याखालच्या दाबाने शरीरात मुरलेला हवेतला नायट्रोजन मात्र जेवणाच्या सुट्टीत पूर्ण निघून जात नाही, प्रत्येक डाइव्ह मागच्या शिलकीवर चढते. त्यात ऑगस्टमध्ये तिथलं पाणी इतर महिन्यांपेक्षा गार असतं, दाजींचा सूट तीन मिलीमीटरचा, तिसऱ्या डाइव्हच्या शेवटी कुडकुडत होते असं मेहुणा म्हणतो. वर आल्यावर किट अंगावर घेऊन त्या गोट्यांवरून चढले, आणि रूमवर जाऊन कडक गरम पाण्याने अंघोळ. यातलं एकेक तसं कारण म्हणून सिद्ध करता येत नाही, पण डाइव्ह मेडिसिनची माणसं ज्या गोष्टी टाळा म्हणतात त्या यादीतल्या तीन चार इथे ओळीने आल्या.

बाहेर आल्यावर मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर छोटं विमान दिसत होतं आणि बाजूला तास, म्हणजे इतके तास विमानात बसू नका. दाजींच्याही. त्यावर दाजींचं वाक्य असं होतं, "विमान परवा आहे, तोवर हे जाईल." खरंच गेलंही असतं.

संध्याकाळ

सहाच्या सुमारास डावा खांदा दुखायला लागला. दाजींनी सांगितलं नाही, बाम चोळला. सातला जेवताना ताईच्या लक्षात आलं की हे डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलत नाहीयेत. विचारलं तर म्हणाले अगं सिलिंडर उचलून आखडला असेल. आणि इथे ताईने जो प्रश्न विचारला तो माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात हुशार प्रश्न आहे. ती डाइव्ह करत नाही, स्नॉर्कलवरच खूश असते, दिवसभर किनाऱ्यावर बसून होती. ती म्हणाली, "सिलिंडर तर त्या बायकांनी आणले. तुम्ही कधी उचलला?"

साडेआठला मला फोन, पुण्यात सहा वाजले होते. मी आधी विचारलं की खांदा हलवला की जास्त दुखतो का. नाही, सारखाच दुखतोय, आत कुठेतरी, बोट ठेवून दाखवता येत नाही. दाबलं तर? काही फरक नाही. मुंग्या, बधिरपणा? नाही. चक्कर, लघवीला त्रास? नाही. मग म्हटलं शर्ट काढून पोट, कंबर, पाठ बघा नीट उजेडात. दोन मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. बेंबीच्या डाव्या बाजूला आणि कमरेवर जांभळट लाल नक्षी, जुन्या खतावणीच्या पुठ्ठ्यावर जो मार्बलचा कागद असायचा ना, अगदी तशी. दाजींना वाटत होतं सूटची अ‍ॅलर्जी.

मी डॉक्टर नाही आणि फोनवरून निदान करणं माझं काम नाही, पण डाइव्हनंतर काही तासांत हलवल्याने न बदलणारी खांद्याची दुखणी आणि असे चट्टे एकत्र आले तर ते डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे वर आल्यावर मुरलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे झाल्याचा आजार, आहे असं धरूनच चालायचं, नाही निघालं तर चांगलंच. ताईला म्हटलं त्यांना कॉरिडॉरमध्ये सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला लावा, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगा, दोन्ही हातांनी तुमची बोटं घट्ट दाबायला सांगा. सगळं ठीक आलं. हे करायचं असतं कारण त्रास नुसता सांध्यात आणि कातडीवर आहे की मज्जारज्जूपर्यंत गेलाय हे कळावं, आणि तासाभराने पुन्हा केलं तर बिघडतंय का तेही कळतं. वेळ लिहून ठेवायला सांगितली, तिने बिलाच्या मागे लिहून ठेवली.

मग ऑक्सिजन. डाइव्ह सेंटर हॉटेलला लागूनच होतं, त्यांच्याकडे किट तयार होतं आणि चालवणारा माणूस शिकलेला होता, याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू झाला, आडवं झोपवलं, थोडं थोडं पाणी प्यायला दिलं. ऑक्सिजनचा उद्देश नुसता आराम वाटावा हा नसतो, श्वासात नायट्रोजनच नसला की रक्तातला आणि बुडबुड्यातला नायट्रोजन बाहेर पडायला वाट मिळते. सेंटरच्या माणसाने डॅनच्या, म्हणजे डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांना वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेच्या, इमर्जन्सी लाइनला फोन लावला, तिथल्या डॉक्टरने डाइव्हचे आकडे विचारले, चट्ट्यांचा फोटो मागितला, आणि सांगितलं की चेंबर, म्हणजे दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या बंद कक्षात न्या.

गंमत पुढे आहे. चाळीसेक मिनिटं ऑक्सिजन घेतल्यावर खांदा जवळजवळ थांबला. दाजी उठून बसले आणि म्हणाले की झालं, बरं वाटतंय, दीडची गाडी सांगून ठेवलीये, पैसे भरलेत, हळूहळू चढेन. ताई रडायच्या बेतात. मी फोनवर, मेहुणा मधे. मला ते दृश्य न बघताही दिसत होतं, कारण हा पुण्याच्या ट्रेकरचा ठरलेला स्वभाव आहे, पायाला क्रॅम्प आला तरी बालेकिल्ला सोडायचा नाही. ऑक्सिजनवर दुखणं कमी होणं हे उलट निदान पक्कं होण्याच्या बाजूचं असतं, बरं झाल्याचं नव्हे, मास्क काढला की परत येऊ शकतं. हे मी सांगितलं, सेंटरच्या माणसाने सांगितलं, शेवटी लाइनवरच्या डॉक्टरने सांगितल्यावर पटलं.

मेहुण्याचं वेगळंच. तो म्हणाला दाजी तुम्ही आणि ताई जा हॉस्पिटलला, मला काही होत नाहीये, मी बातूर करून दुपारी तिकडे येतो. मी त्यालाही नाही म्हटलं, डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणंच धोक्याचं. त्याने त्याच तीन डाइव्ह केल्या होत्या, त्याच वेळेला बाहेर आला होता, फरक इतकाच की त्याला अजून काही झालं नव्हतं. रात्री तीनला तो बातूरजवळच्या किंतामणीच्या कड्यावर असता, तो कडाच साधारण 1500 मीटरवर आहे, म्हणजे ट्रेक सुरू व्हायच्या आधीच, नुसतं गाडीत बसून. तो रुसला, पण थांबला.

गाडी किनाऱ्याच्या रस्त्याने गेली, अमलापुरा, चंडीदासा करत देनपसारला. नकाशात त्यांचा ड्रायव्हर डोंगरातला एक शॉर्टकट दाखवत होता, त्याला सांगितलं की वेळ लागला तरी चालेल, उंच जाऊ नको. वाटेतही ऑक्सिजन चालू. देनपसारच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये हायपरबेरिक चेंबर आहे, मध्यरात्रीच्या आसपास पोचले, तपासणी झाली आणि पहाटे, म्हणजे शीटप्रमाणे बातूरवर अंडी खायच्या वेळेला, दाजी चेंबरमध्ये होते. उपचार नेहमीचा, ज्याला टेबल सिक्स म्हणतात, 18 मीटर खोलीइतका दाब देऊन ऑक्सिजन, मधे मधे हवेचे ब्रेक, मग हळूहळू दाब कमी करत आणायचा, एकूण पावणेपाच तास. दुसऱ्या दिवशी एक छोटं सेशन. चट्टे गेले, खांदा गेला. परतीचं विमान डॉक्टरांनी पुढे ढकलायला लावलं, ताईची रजा संपली ते वेगळं.

बिलाची रक्कम सांगत नाही, पण नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सने ती दिली नसती, त्यात साहसी खेळांच्या कलमात स्कूबा सरळ वगळलेला होता. दोघांनी डाइव्हरचा वेगळा विमा काढला होता म्हणून निभावलं. निघायच्या आधी दोन्ही पॉलिसीतलं ते एक पान वाचायला दहा मिनिटं लागतात.

मग नेमकं काय झालं

डाइव्ह नियमात होत्या, तरी त्रास झाला. लोकांना हे पचत नाही. कॉम्प्युटर जो वेळ दाखवतो तो तुमच्या शरीरात डोकावून दाखवत नाही, तो एका गणिती मॉडेलचा अंदाज असतो, मर्यादेच्या आत राहिलं की शक्यता खूप कमी होते, शून्य होत नाही. शिवाय कातडीवरचे असे चट्टे आले की डॉक्टर हृदयातल्या पीएफओचा विचार करतात, जन्माच्या आधी उघडी असलेली दोन कप्प्यांमधली एक फट, जी साधारण चारातल्या एका माणसात पूर्ण मिटत नाही. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही, पण डाइव्हनंतर शिरांमधले बुडबुडे फुप्फुसात गाळले जायच्या ऐवजी तिथून थेट पलीकडे जाऊ शकतात. पुन्हा डाइव्ह करायच्या आधी बुडबुड्यांचा इको करून घ्या असं दाजींना सांगितलंय. अजून केलेला नाही. विचारलं की म्हणतात दिवाळीनंतर.

पण मला या केसमध्ये त्रासापेक्षा तो दीडचा पिकअप जास्त महत्त्वाचा वाटतो. त्रास कोणालाही होऊ शकतो, तो ओळखून वेळेवर ऑक्सिजन आणि चेंबर मिळालं तर बहुतेक जण बरे होतात. इथे मात्र योजनाच अशी होती की ताईने तो ग्लास बघितला नसता तर दाजी बाम लावून, दुखणं सिलिंडरवर ढकलून, आठ नऊ तासांनी डोंगर चढत असते. 1717 मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण 82 टक्के असतो, म्हणजे शरीरात आधीच असलेला बुडबुडा नुसत्या दाबाच्या फरकाने पाचव्या हिश्श्याच्या आसपास फुगतो, शिवाय अजून विरघळलेला नायट्रोजन बाहेर यायला जोर मिळतो. वर सातशे मीटरची दमछाक. आणि चेंबरपासून जितकं लांब तितकं वाईट, तेही अंधारात, हेडटॉर्चवर.

विमानाचा जो नियम सगळ्यांना पाठ आहे, एकच डाइव्ह असेल तर 12 तास, बऱ्याच डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर 18, आणि डीको झाला असेल तर त्याहून बरंच जास्त, तो नियम विमानाच्या पंखांसाठी नाहीच. डॅनने तो दिलाय केबिनमधल्या 600 ते 2400 मीटर इतक्या उंचीसाठी. केबिनमध्ये दाब समुद्रसपाटीचा ठेवत नाहीत, दोन हजार मीटरच्या डोंगरावर असल्यासारखा असतो. म्हणजे बातूरचा माथा आणि विमानाची सीट, शरीराच्या दृष्टीने फार लांब नाहीत. अमेरिकन नौदलाच्या डाइव्हिंग मॅन्युअलमध्ये तर डाइव्हनंतर किती उंचीवर किती वेळाने जायचं याचं वेगळं टेबलच आहे, विमानाचा उल्लेखही लागत नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी मात्र चित्र विमानाचं काढलंय, आणि ज्याचं विमान परवा आहे तो ते चित्र बघून निर्धास्त होतो.

आता कोणाला काय माहीत होतं ते बघा. एजंटला विमानाचं माहीत होतं, डोंगराचं नाही. डाइव्ह सेंटरला डाइव्ह माहीत होत्या, पण पाहुणे रात्री कुठे जाणार हे त्यांनी विचारलं नाही कारण बुकिंग दुसरीकडचं. ड्रायव्हरला रस्ता माहीत होता, हे लोक डाइव्हर आहेत हे नाही. ट्रेकच्या गाइडला तर पहाटे भेटणार होते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिलेल्या होत्या आणि तो कागद बाकी तिघांकडे अर्धा अर्धा गेला होता. एजंट सोडला तर पूर्ण फक्त दाजींच्या फोनमध्ये होता. तुलांबेनहून बातूर ही जोडी तर इतकी लोकप्रिय आहे की शीट बनवणाऱ्याला ती सुचणारच, नकाशावर जवळ दिसतात. उलटा क्रम लावला, आधी डोंगर आणि मग समुद्र, तर काहीच अडत नाही, फक्त शेवटी विमानाआधीचे तास सोडायचे.

तेव्हापासून पूलवरच्या शेवटच्या सेशनला मी लोकांकडून पूर्ण शीट मागतो, साइटसीइंगसकट, आणि प्रत्येक डाइव्हच्या दिवसाखाली पुढच्या 24 तासांतली सगळ्यात उंच जागा पेनने लिहून घेतो. रस्त्यातली घाटमाथ्याची सुद्धा, मुक्कामाची नुसती नाही.

मालवणला डाइव्ह करणाऱ्या पुणेकरांना हे लागू नाही असं वाटतं, कारण पुणं स्वतः 560 मीटरवर आहे, त्या 600 च्या आतच. पण घरी यायला घाट चढल्याशिवाय रस्ता नाही, आंबोलीच साधारण 690 मीटर. मालवणला बहुतेक जण आठ दहा मीटरवर एखादी डाइव्ह करतात, त्यांच्या शरीरात साठलेला नायट्रोजन इतका कमी असतो की त्यांना घाबरवण्यात अर्थ नाही. सर्टिफाइड लोकांचं जरा निराळं, ते दोन दिवस तीन चार डाइव्ह करतात आणि रविवारी दुपारी थेट गाडीत बसतात. आता निवृत्त नौका आयएनएस गुलदार निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवायचा राज्याचा प्रकल्प आहे, पोलंडमध्ये बांधलेलं, रणगाडे उतरवणारं जहाज, आपल्याच किनाऱ्यावरचा रेक. ते सुरू झालं की शनिवार रविवारच्या या फेऱ्या वाढणार हे उघड आहे.

परवाच एका ग्रुपचं शीट आलं, शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी सकाळी दोन, जेवून आंबोलीमार्गे पुणे, सोमवारी ऑफिस. मी रविवारच्या दोन खोडल्या आणि स्नॉर्कल लिहिलं. त्यांना आवडलेलं नाही, दुसरीकडे विचारून बघतो म्हणालेत.